उत्तरेचा दोर

गावस सरांवर मी लिहिणं हा आगाऊपणा आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. बाबा पेडण्याजवळच्या खाणीवर चिरे कापतात, आई ते डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. परीक्षेच्या पेपराशिवाय मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. सरांबरोबर अर्धं आयुष्य घालवलेली माणसं अजून आहेत. खरं म्हणजे त्यांच्यापैकी एकाने हे लिहायला हवं होतं. पण ती लिहिणार नाहीत हे मला आता कळलं आहे. म्हणून जमेल तसं लिहितो. सरांचं शिक्षण कुठे झालं, नोकरीला ते कधी लागले, यातलं मला काही नीट सांगता येणार नाही. मला माहीत आहेत ते अकरावी-बारावीच्या वर्गातले आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावरचे सर.

सर हळर्ण्याचे. पेडण्याच्या उच्च माध्यमिक शाळेत ते आम्हाला फिजिक्स शिकवत. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. हातात छत्री बारा महिने. उन्हातही ती उघडायची नाही. छत्री हा त्यांचा बाण होता. फळ्यावरची रेघ दाखवायला, पोराला उठवायला, बस थांबवायला, सगळ्याला तीच. आणि बाण काढताना टोक हवंच. एखाद्याने वहीत नुसती रेघ मारली की ते छत्रीचं टोक त्या रेघेवर टेकवून म्हणत, "ही काडी आहे. हिने दात कोर."

त्यांची आणखी एक सवय होती. कुणी काहीही आकडा सांगितला की ते विचारायचे, "कुणीकडे?" एकदा शाळेत पहिला आलेला मुलगा पेढे घेऊन आला. म्हणाला, "सर, ब्याऐंशी टक्के." सरांनी पेढा तोंडात टाकला. "ब्याऐंशी. बरं. कुणीकडे?" पोरगा गोंधळला. सर म्हणाले, "किती ते कुणीही सांगतं रे. पाच किलोमीटर चाललो म्हणतोस, पण घराकडे चाललास की घरापासून?"

पहिल्याच आठवड्यातला एक तास मला लख्ख आठवतो. सरांनी छत्री माझ्याकडे केली. "तू कुठला?"

मी उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून प्रकाश म्हणाला, "सर, तो घाटी."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "कुठला घाट?" त्यांनी मला विचारलं.

"गाव गडहिंग्लजकडे, सर. पण मी इथेच खाणीवर जन्मलो."

"गडहिंग्लज कुणीकडे? बोट दाखव."

खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहून मी अंदाजाने हात वर केला. सरांनी माझ्या हाताकडे पाहून मान डोलावली आणि फळ्यावर एक आडवी, एक उभी रेघ काढली. "याचं गाव इथून काही अंतर पूर्वेला आहे आणि काही उत्तरेला. पूर्वेचं ते एक्स, उत्तरेचं ते वाय. समजा, चार आणि तीन. हे झाले दोन घटक. आता सरळ पक्ष्यासारखा गेलास तर किती? चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. हे परिमाण. आणि कुणीकडे? वाय भागिले एक्स, पाऊण. टॅनचं टेबल काढा. कोन आला सदतीस अंशांच्या आसपास. पूर्वेकडून उत्तरेला सदतीस. हा बघा बाण."

बाणाला त्यांनी चांगलं जाडजूड टोक काढलं. मग मागे वळले.

"आता याचा बापूस तिथून निघून इथे आला. तो कुणीकडे आला? प्रकाश, तू सांग."

प्रकाश हुशार होता. त्याने तोंडीच केलं. "वजा चार, वजा तीन. भागलं की वजाला वजा गेलं. पाऊणच. सदतीस अंश, सर."

"सदतीस? मग दाखव बोट."

प्रकाशने टेबलाबरहुकूम हात वर केला. तो बरोबर गडहिंग्लजच्या दिशेने गेला.

"मेल्या, तो माणूस पोटासाठी गोव्यात उतरला, आणि तू त्याला परत घाट चढवलास!"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो. सर मात्र गंभीर झाले होते. "टेबलाला फक्त भागाकार दिसतो. वजा कुणाच्या डोक्यावर होता ते त्याला दिसत नाही. जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा टॅन एकच असतो. दोन माणसं एकाच रेषेवर उभी असतात आणि त्यांची तोंडं उलट दिशांना असतात. म्हणून आधी चिन्हं बघायची, बोट दाखवायचं, मग टेबल उघडायचं. दोन्ही वजा असतील तर त्यात एकशेऐंशी मिळवायचे. लिहून घ्या. आधी बोट, मग टॅन."

त्या दिवसापासून प्रकाश मला 'सदतीस' म्हणू लागला. घाटीपेक्षा ते पुष्कळ बरं होतं.

मग आमच्या वर्गात रोज सगळे हात वर करून उभे राहायचे. नवीन प्रिन्सिपल एकदा व्हरांड्यातून जाताना थबकले. पन्नासेक पोरं एकाच दिशेला हात करून उभी आणि सर शांतपणे बाकांमधून फिरत कुणाचं कोपर वर, कुणाचं खाली करतायत. "काय शिक्षा आहे का ही, गावस?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "नाही सर. गणित आहे." प्रिन्सिपल गेल्यावर शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून खणखणीत आवाज आला, "सदा, पोरांक कवायत शिकयता काय रे? पगार दोन घेता मगे तू!"

ते नाईक सर. रघुवीर नाईक, मांद्र्याचे. जाडे, बुटके, बोटांना कायम ॲसिडचे डाग. गावस सर आणि नाईक सर ही शाळेतली एक जोडी होती. दुपारी बाजारातल्या हॉटेलात दोघांत मिळून एक पातळभाजी आणि चार उंडे, म्हणजे कडक गोल पाव. उंडे गावस सर मोडायचे, पातळभाजी नाईक सर जास्त खायचे, आणि त्यावरून रोज भांडण. एकमेकांना सदा आणि रघु. वर्गात दोघेही शुद्ध मराठीत शिकवत, दाराबाहेर पाऊल पडलं की पेडण्याची कोंकणी. आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसे. सगळ्यांच्या घरात तसंच होतं. फक्त माझ्या घरात तिसरंच काहीतरी बोलत.

पाऊस ओसरून समुद्र शांत झाला की ऑक्टोबरात अकरावीचा वर्ग मांद्र्याला न्यायचा, हा या दोघांचा जुना रिवाज. तिथे रापण ओढायची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून एक लांबच लांब जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकतात. त्याची दोन टोकं दोन दोरांनी किनाऱ्यावर, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. प्रत्येक दोरावर माणसांची रांग. ती ओढत ओढत एकमेकांकडे सरकते आणि मधली पिशवी, तिला खोळ म्हणतात, मासळी घेऊन किनाऱ्याला लागते. आणि कायदा असा की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. गावचा असो, परका असो.

उत्तरेच्या दोरावर पहिला हात गावस सरांचा, दक्षिणेच्या दोरावर नाईक सरांचा. हे ठरलेलं. दोघांनी धोतरासारखी लुंगी वर खोचलेली. रापणीचा म्होरक्या बाबलो तांडेल दोघांच्या मधोमध उभा राहून ओरडायचा, आणि आम्हाला मधे वाळूत उभं करून गावस सर विचारायचे, "खोळ कुठे लागेल? बोट!"

आम्ही हात केले. कुणाचे उत्तरेला, कुणाचे दक्षिणेला. मग आम्हीही दोरांना लागलो. सर दोर ओढता ओढता धापा टाकत शिकवत होते. "माझा दोर खोळीला काठाकडे ओढतो चार, उत्तरेकडे तीन. रघूचा काठाकडे चार, दक्षिणेकडे तीन. म्हणजे वजा तीन. करा बेरीज. तीन आणि वजा तीन?"

"शून्य!"

"चार आणि चार?"

"आठ!"

"बघा. आमचं एकमेकांविरुद्धचं जे आहे ते कटतं. उरतं ते सगळं काठाकडचं."

पलीकडून नाईक सर ओरडले, "सदा, भाषण कमी कर आनी जोर लाय! तुजे तीन ना, दीडूच आसात! खोळ म्हज्याकडे येता!"

खोळ खरंच थोडी दक्षिणेला लागली. नाईक सर वाळूत नाचले. बांगडे उडत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः ओढलेल्या मासळीचा वाटा मिळाला. घरी नेला तर आईला तो शिजवायचा कसा हेच माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने शिकवलं.

पुढे भाषेचं आंदोलन पेटलं. राजभाषा कोंकणी की मराठी. त्याबद्दल मोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय सांगणार. आमच्याकडे झाडं आडवी पडून रस्ते बंद झाले, शाळेला सुट्ट्या पडल्या, आणि भिंतीभिंतीवर डांबराने अक्षरं आली, एवढं मी पाहिलं. गावस सर मराठीच्या बाजूचे. त्यांचे वडील गावात भजनी मंडळ चालवत. मराठी अक्षर सरांना शाळेच्या आधी भजनाच्या पोथीत भेटलं होतं. नाईक सर कोंकणीच्या बाजूचे. सुरुवातीला हॉटेलात यावर नुसती चेष्टा चाले. नाईक सर म्हणायचे, "पळय रे, मराठी जाय म्हणून हो म्हज्याकडे कोंकणीतल्यान भांडता!" सर म्हणायचे, "आनी तू भागाकार कोणत्या भाशेत करता? मनातल्या मनात? सांग!" नाईक सर पाढे मराठीतच म्हणत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बाजारात मराठीची सभा झाली. सरांना स्टेजवर बसवलं. सर थोडंच बोलले, वडिलांच्या भजनाबद्दल. टाळ्या पडल्या. त्यांच्यानंतर बाहेरून आलेला एक वक्ता उठला. तो म्हणाला, कोंकणी ही कसली भाषा, ती मासळी विकायला बरी. लोक हसले. पुष्कळ हसले. मी गर्दीत होतो. मी सरांकडे पाहिलं. ते हसले नाहीत, टाळी वाजवली नाही. पण उठलेही नाहीत. छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून खाली पाहत राहिले. आणि समोर पानाच्या गाडीपाशी नाईक सर उभे होते.

दुसऱ्या दिवशी आमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. गावस सर लॅबच्या दाराशी आले. "रघु, जेवूक येतंस मगे?"

नाईक सर ब्युरेट धूत होते. मागे वळले नाहीत. "काल तू वयर बशिल्लो."

"हांवें टाळी मारूंक ना रे. हासलोय ना."

"मारपाची आशिल्ली. मागीर तुका दोन गाळी घालून मेकळो जातलो आशिल्लों." नाईक सरांनी नळ बंद केला. "तू ओगी रावलो, गप्प बशिल्लो. तुका दिसलें, ओगी रावप म्हणजे शून्य. पूण तू खंय बशिल्लो तें लोकांनी पळयलें. म्हजी आवय मासळी विकताली, सदा. तुका खबर आसा."

सर काहीतरी बोलायला गेले. नाईक सरांच्या आईचं हे पहिल्यांदाच ऐकत आम्ही पोरं परीक्षानळ्या धरून उभे होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ते तसेच गेले. त्या दुपारी हॉटेलात ते एकटे होते. समोर चार उंडे. सवयीने मोडून ठेवलेले.

मला वाटतं, सरांनी त्याच आठवड्यात जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. पण हे मी आज म्हणतो. ते वाट बघत राहिले, राग उतरेल म्हणून. आणि नाईक सर वाट बघत राहिले, हा येईल म्हणून. स्टाफरूममध्ये दोघे दोन खिडक्यांशी बसत. एकदा मी प्रयोगाची वही द्यायला गेलो तेव्हा सर आपल्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला म्हणाले, "सदतीस, रघु आणि मी एकाच रेषेवर आहोत रे. दोघांचा टॅन सारखाच. फक्त पाठीला पाठ आली." मग वही न बघताच सही केली. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

पुढच्या ऑक्टोबरात सरांनी अकरावीचा नवा वर्ग मांद्र्याला नेला. आम्ही बारावीतलेही काही जण गेलो. सर उत्तरेच्या दोरापाशी जाऊन उभे राहिले. दक्षिणेच्या दोरावरची पहिली जागा रिकामी. बाबलो तांडेल म्हणाला, "मास्तर, सुरू करुया? भरती येता." सर म्हणाले, "मात्शें राव." थोडा वेळ गेला. माडांमधून नाईक सरांचं घर दिसत होतं. दार उघडं होतं. तांडेल पुन्हा म्हणाला, "मास्तर." शेवटी त्याने आपल्या पोरांना त्या दोरावर घातलं.

त्या वर्षी सरांनी ओढता ओढता शिकवलं नाही. खोळ किनाऱ्याला लागल्यावर वाटे पडले. सर तांडेलाला म्हणाले, "बाबल्या, रघूचोय वाटो काड."

तांडेल वाईट माणूस नव्हता. पण पन्नास माणसं बघत होती. "दोर धरूंक ना ताका वाटो ना, मास्तर. तुमकां कायदो खबर आसा."

"आसा," सर म्हणाले. त्यांनी आपल्याच वाट्याचे दोन भाग केले, एक माडाच्या झावळीत गुंडाळला आणि मला आणि प्रकाशला म्हणाले, "दारात ठेवून या. काही बोलू नका."

आम्ही ठेवायला गेलो तर नाईक सर ओसरीवरच बसले होते. झावळी बघून त्यांनी सगळं ओळखलं. मग विचारलं, "उत्तरेचो दोर कोणें धरलो?"

"सरांनी," प्रकाश म्हणाला.

"आनी म्हजो?"

"तांडेलाच्या पोरांनी."

"खोळ खंय लागली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "खूप उत्तरेला, सर," मी म्हणालो. खरं म्हणजे ती दक्षिणेला लागली होती. सर अजिबात जोर लावत नव्हते. मला का कुणास ठाऊक, तसं सांगावंसं वाटलं.

नाईक सर किंचित हसल्यासारखे झाले. "बरें," म्हणाले. त्यांनी झावळी आत नेली. मी किनाऱ्यावर परत येऊन सरांना सांगितलं, "सर, त्यांनी घेतली." सरांनी दोनदा विचारलं, "घेतली? आत नेली?" मग छत्री घेऊन ते बसकडे चालायला लागले. नाईक सर येतील, आता नक्की येतील, असं सरांच्या पाठीकडे बघून मला वाटलं.

तसं काही झालं नाही. का झालं नाही ते मला सांगता येत नाही. दोघेही कदाचित एवढ्यावरच समाधानी होते, किंवा दोघांनाही वाटलं की आता पुढचं पाऊल दुसऱ्याने टाकायचं आहे.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी पणजीला कॉलेजात आलो. निघायच्या दिवशी पेडण्याच्या स्टँडवर सर भेटले. मी वाकलो. "ॲडमिशन मिळाली सर. एकोणऐंशी टक्के."

मी वाट बघत होतो. सर "कुणीकडे?" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मांद्र्याकडून बस आली का रे?" तेवढ्यात ती आली. तिच्यातून उतरणारी सगळी माणसं सरांनी एकेक करून पाहिली. नाईक सर त्या बसने यायचे, हे मला नंतर आठवलं. त्या दिवशी ते उतरले नाहीत. माझी बस सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा सर छत्री टेकून तिथेच उभे होते, तोंड मांद्र्याच्या रस्त्याकडे.

ते मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

परवा म्हापशाच्या स्टँडवर कुणीतरी ओरडलं, "अरे सदतीस!" प्रकाश होता. आता मांद्र्याला भावाबरोबर परदेशी लोकांना खोल्या देतो. हसत हसत आला आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "तुका कळूंक ना?"

सर गणपतीनंतर गेले. शाळेतून घरी जाताना, बसमध्येच. खिडकीशी बसले होते, छत्री दोन्ही पायांत उभी धरलेली. कंडक्टरला वाटलं डोळा लागला. हळर्ण आलं आणि गेलं. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली तेव्हा लोकांना कळलं. मी पणजीत होतो आणि मला कुणी कळवलं नव्हतं. मला कळवावं असं कुणाला का वाटेल?

"नाईक सर?" मी विचारलं.

"आयले. सगळ्यांच्या मागे उभे रावले. मुखार आयले नात."

मग प्रकाशने ऑक्टोबरातलं सांगितलं. या वर्षी रापणीला वर्ग जाणार नाही असं सगळे धरून चालले होते. नाईक सरांनीच नेला. लुंगी वर खोचून ते वाळूत उतरले तेव्हा बाबलो तांडेल दक्षिणेचा दोर घेऊन पुढे आला. "मास्तर, तुमचो दोर हो." नाईक सर त्याच्याजवळून तसेच उत्तरेकडे चालत गेले आणि सरांच्या जागेवर जाऊन उभे राहिले. दक्षिणेच्या दोरावर त्यांनी पोरांना घातलं. ओढायच्या आधी म्हणाले, "खोळ कुठे लागेल? बोट दाखवा." पोरांनी हात वर केले. एकेकाळी कवायत म्हणून सरांची चेष्टा करणाऱ्या या माणसाने, सर बाकांमधून फिरायचे तसं पोरांमधून फिरून, एकेकाचं कोपर सरळ केलं.

खोळ आली. तांडेलाने कुणी न सांगता नाईक सरांसाठी दोन वाटे बाजूला काढून ठेवले. पोरं मासळीभोवती गोळा झाली, दक्षिणेचा दोर गुंडाळून झाला. मग तांडेल दुसरा दोर गुंडाळायला उत्तरेकडे गेला, तर नाईक सर अजून तिथेच होते.

"जाळें केन्नाच वयर आयिल्लें रे," प्रकाश म्हणाला. "दोराक कसलीच ओढ नाशिल्ली. तरी नाईक सर ओढतच आशिल्ले."